न लागलेला हात

भिंतीवर नवा कागद लागला की दालनात आधी शांतता पसरायची, मग कुठूनतरी हुंदका यायचा. त्या दिवशी तो कागद माझा होता.

जागा म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. पलंग-कपाटं केव्हाच विकली गेली होती. खांबांवर किमतीच्या चिठ्ठ्यांचे चिकट डाग तेवढे उरले होते आणि हवेत पॉलिशचा जुना वास. समोरच्या लांबलचक भिंतीवर रक्ततपासणीचे अहवाल जोडीजोडीनं डकवलेले. डावीकडचा आधीचा, उजवीकडचा नंतरचा. डाव्या कागदावर एका आकड्याभोवती लाल गोल, उजव्यावर त्याच जागी हिरवा. पंखा सुरू झाला की सगळी भिंत एकदम श्वास घेतल्यासारखी हलायची.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," हातवाले म्हणाले. त्यांना सगळे हातवालेच म्हणत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बँकेच्या खिडकीमागे बसलेले असावेत असं वाटायचं. "मी कोण? एक साधा माणूस, त्याचा एक साधा हात. विश्वास मशीनवर ठेवा. मशीन मला ओळखत नाही, मी मशीनला ओळखत नाही. रक्त तुमचं, लॅब तुमची, आकडा तुमचा. माझं काय आहे ह्यात? फक्त हात."

गर्दी हसली. काही जण हसता हसता डोळे पुसत होते.

"हृदयाला घाव बसला की रक्तात एक प्रथिन उतरतं. डॉक्टर त्याला ट्रोपोनिन म्हणतात. मी त्याला शत्रू म्हणतो. शत्रूला गोळी लागत नाही, सुरी लागत नाही. त्याला हात धरून दाराबाहेर न्यावं लागतं. ह्या काकांच्या रक्तात पंधरवड्यापूर्वी तो किती होता, वाचा. आणि आज? आज मशीन शोधतंय, आणि मशीनला तो सापडत नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी स्वतःच्या पायांकडे बघत राहिलो. शेजारच्या बाईनं माझ्या बाहीला बोटं लावली आणि तीच बोटं आपल्या छातीवर टेकवली.

धाकट्यानं मला कोपरानं ढोसलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, त्यामुळे कुजबुजला तरी मागच्या सीटपर्यंत ऐकू जातं. "बघितलंस ना दादा?"

"अरे, पण त्यांनी मला हात लावलाच नव्हता," मी म्हणालो.

"लावला होता."

"नाही रे. माझी पाळी आली तेव्हा मी..."

"दादा, त्यांचा हात हलका आहे. तुला कळला नसेल. तुझ्या अंगावर कपाट पडलं तरी तू आधी हातातल्या पुस्तकाचं पान पूर्ण करशील."

आजूबाजूचे हसले. मला पुढे बोलणं जमलं नाही. चार माणसं हसली की माझं बोलणं तिथेच संपतं, हे धाकट्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

खरं काय घडलं होतं ते सांगतो. हृदयाच्या रक्तनळीच्या एका बारीक फांदीत रक्ताची गाठ अडकून मला झटका आला होता. औषधांवर भागलं. घरी सोडताना इस्पितळाच्या फाटकाशी कुणीतरी धाकट्याच्या हातात पत्रक दिलं आणि तो मला थेट इथेच घेऊन आला. दारावर पाटी होती: 'झटका येऊन आठवडा उलटलेल्यांनी येऊ नये. ताजा घावच बरा होतो.' आत रांग होती. धाकटा बाहेर कुणाशी तरी गाडी लावण्यावरून हुज्जत घालत राहिला आणि मी रांगेत एकटा. माझ्या मागे आमच्याच गल्लीतला शिंपी, सोबत त्याची बायको. त्यालाही त्याच आठवड्यात झटका आलेला. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. माझी पाळी आली. समोर खुर्ची, सगळ्यांदेखत शर्टाची बटणं काढायची. मी बाजूला झालो. "तुम्ही व्हा पुढे," मी शिंप्याला म्हणालो. तो बसला, त्यानं डोळे मिटले, हातवाल्यांचा तळवा त्याच्या छातीवर टेकला. मग हातवाले उठले. "आज हात दमला," म्हणाले. रांग मोडली. धाकटा आत आला तेव्हा मी दारात उभा होतो आणि त्यानं गृहीत धरलं ते धरलंच.

पंधरवड्यानं पुन्हा तपासलेल्या रक्ताचे अहवाल घेऊन मी आणि शिंपी दोघेही गेलो. माझ्या कागदाखालीच शिंप्याचा कागद लागला. तोही हिरवा. शिंप्यानं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही तुमची पाळी मला दिलीत. मी तुम्हाला कोट शिवून देणार." डॉक्टरांनी त्याला हृदयाच्या अरुंद नळीत स्टेंटची जाळी बसवायला सांगितलं होतं. ते त्यानं रद्द केलं. "रक्तात काही नाही, मग छातीत कशाला जाळ्या घालून घ्यायच्या?" मापं घेताना तो मला म्हणाला. टेपचं टोक त्यानं माझ्या खांद्यावर धरलं होतं.

महिनाभरात तो गेला. कापड कापता कापता टेबलावरच वाकला, कात्री बोटांत तशीच.

त्याची बायको तो कोट घेऊन आली. कोट कसला, सुटे तुकडे, वर पांढऱ्या खडूच्या खुणा. "दुसऱ्या कुणाकडून जोडून घ्या," ती म्हणाली. "त्यांनी सगळं आखून ठेवलंय." डाव्या छातीवर, खिशाच्या जागी, खडूची फुली होती.

"वहिनी, हातवाले काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, रक्त स्वच्छ होतं, मन डळमळलं." तिनं दाराची कडी धरली. "मी दर बैठकीला जाते. ह्यांचे कागद आहेत ना अजून भिंतीवर. हिरवा गोल बघत बसते. वाटतं, माणूस बरा आहे."

तेव्हापासून मला तो हात जाणवायला लागला. पहाटे जाग येण्याच्या जरा आधी, डाव्या छातीवर, कोमट, जड, पाचही बोटं वेगवेगळी ओळखू यावीत असा. न लागलेला हात. डोळे उघडले की नाहीसा व्हायचा. धाकटा येईल-जाईल त्याला माझी गोष्ट सांगत होता, "आमच्या दादाला हात लागला आणि..." आणि ती ऐकून ऐकून मला खुर्ची आठवू लागली, बटणं काढल्याचं आठवू लागलं. मी कुठे बसलो होतो आणि शिंपी कुठे, ह्यांची आतल्या आत अदलाबदल होत होती. माझा माझ्यावर भरवसा पूर्वीही फारसा नव्हता. आता आरशात बघताना वाटायचं, ज्याला हात लागला तो गेला असेल तर मी नक्की कोण उरलोय?

मग धाकट्यालाच झटका आला. गॅसचं सिलिंडर घेऊन जिना चढताना मध्येच पायरीवर बसला आणि घामानं भिजला. इस्पितळात नेलं, तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला पडद्यावरची हलती चित्रं दाखवली. "डावीकडची ही मुख्य नळी. सगळ्या फांद्या हिच्यावर. हिचं तोंडच अरुंद झालंय. बायपास करावा लागेल, आणि लवकर. हे पुढे ढकलू नका."

धाकट्यानं मान हलवली, घरी आला, आणि आठवडा उलटायच्या आत हातवाल्यांच्या खुर्चीत बसला. पंधरवड्यानं त्याचा आकडा हिरवा झाला. त्यानं नोकरी लागल्यासारखं सगळ्यांना फोन करून कळवलं. शेवटचा फोन इस्पितळाला. शस्त्रक्रिया नको.

त्याची मुलगी, माझी पुतणी, शाळेत विज्ञान शिकवते. ती दुपारच्या गाडीनं आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात शिरली. बाप पाटावर चहा पीत होता. तिनं परडीतलं बीट उचललं, सुरीनं चिरलं आणि अर्धा तुकडा काचेच्या पेल्यात पाण्यात टाकला.

"हे काय आता?" धाकटा म्हणाला.

"तुमचं हृदय."

"बरंय. सोलायचं तरी होतंस."

पाणी लाल झालं. तिनं ते ओतून दिलं, दुसरं घातलं. तेही लाल झालं, पण फिकं. असं ती करत राहिली आणि मध्ये मध्ये बोलत राहिली. आम्ही दोघे म्हातारे वर्गातल्यासारखे बसून होतो. पाणी बदलता बदलता संध्याकाळ व्हायला आली. शेवटी पेल्यातलं पाणी जवळजवळ नितळ दिसायला लागलं.

"बाबा, ह्या पेल्यावर कुणी हात ठेवला होता?"

"बीटाला छाती असते का?"

"चेष्टा नको. रक्त पोचलं नाही की हृदयाचा तेवढा स्नायू मरतो. मेलेल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं प्रथिन रक्तात सांडतं. तोच तुमचा शत्रू. तो शत्रू नव्हेच, ती सांडलेली खूण आहे. शरीर ती आपोआप धुऊन टाकतं, आठवड्या-दोन आठवड्यांत. जवळजवळ सगळ्यांचं असंच होतं. पाणी निवळलं. चिरलेलं बीट जुळलं का?"

धाकट्यानं पेल्यात डोकावून बघितलं.

"आणि नळी? ती जशी होती तशीच अरुंद आहे. हा आकडा सांगतो की घाव बसला होता. पुढचा बसणार नाही असं तो सांगतच नाही. त्यांच्या दारावरची पाटी आठवा. आठवडा उलटलेल्यांनी येऊ नये. का बरं?"

"ताजा घाव लवकर भरतो म्हणून."

"उशिरा आलेल्याच्या रक्तात लाल गोल काढायला फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून. ओसरणारं पाणीच ते निवडून घेतात आणि म्हणतात, मी ओसरवलं."

धाकट्यानं चहाची रिकामी बशी बाजूला सरकवली. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "बीटाचं मला सांगू नकोस. मी माझ्या डोळ्यांनी दादाला बरं झालेलं बघितलंय."

"काकांना हात लागलाच नव्हता. त्यांनी मला तेव्हाच फोनवर सांगितलं होतं."

"त्याला आठवत नाही."

पुतणी माझ्याकडे वळली. "काका, नक्की सांगा. लागला होता का?"

त्याच पहाटे तो तळवा माझ्या छातीवर होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बहुतेक नाही."

"बहुतेक नको, काका." तिचा आवाज खाली आला होता. "बाबांचा जीव तुमच्या त्या बहुतेकवर टांगलाय."

पुढच्या बैठकीत धाकट्याचा कागद लागणार होता. शस्त्रक्रिया रद्द केल्याचं तो सगळ्यांसमोर सांगणार होता. दालन गच्च भरलेलं. पुतणी माझ्या शेजारी. शिंप्याची बायको भिंतीच्या जवळ, आपल्या माणसाच्या कागदांखाली, मांडीवर हात ठेवून बसलेली.

हातवाल्यांनी आधी मलाच पुढे बोलावलं. भावाआधी भाऊ, असा त्यांचा बेत असावा. "ह्या काकांना विसरेन कसा? ह्यांचं हृदय माझ्या तळव्याखाली पाखरासारखं फडफडत होतं. मग हळूहळू शांत झालं. हाताला कळत होतं, शत्रू निघाला. काका, सांगा सगळ्यांना. गरम वाटलं ना?"

आणि मला गरम वाटलं. तिथे, उभ्या उभ्या, शर्टाच्या आत, पाच बोटं. त्यांच्या आवाजाबरोबर ती दाबली जात होती. हो म्हणणं किती सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं, धाकट्याला सगळ्यांत जास्त.

पंखा फिरला. भिंत हलली. शिंप्याचा कागद एका कोपऱ्यातून सुटला होता आणि फडफडत होता.

"मला वाटतं," मी म्हणालो, "माझी पाळी मी दुसऱ्याला दिली होती. तुम्ही मला हात लावला नाहीत."

"वाटतं?" हातवाले प्रेमानं हसले. "काकांचं वय झालंय."

"घरचा पत्ता आठवतोय का विचारा," मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. माझं बोलणं नेहमीसारखं तिथेच संपलं असतं.

शिंप्याची बायको उठली. तिला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही ती मोठ्यानं बोलली नाही. "त्यांना वाटत नाही. तसंच झालं. मी खुर्चीपाशीच होते, ह्यांचा शर्ट धरून. ह्या भाऊंनी आपली पाळी माझ्या माणसाला दिली आणि ते दाराकडे गेले. त्यांना बटणं काढायची लाज वाटत होती. तुमचा हात दमला तो माझ्या माणसावर."

हशा थांबला. माझ्या छातीवरची बोटं एकेक करून सुटली. आपल्या मनातलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते खरं असतं हे किती उशिरा पटतं, ह्याची मला त्याही क्षणी शरम वाटली.

"वहिनी, तुमचं दुःख मी जाणतो," हातवाले म्हणाले. "पण हा हात दुरूनही पोचतो."

"मग रांग कशाला लावता?" पुतणी बसल्या जागेवरूनच म्हणाली. "आणि ज्याला दुरून पोचला तो वाचला, ज्याच्या छातीवर टेकला तो गेला. असं कसं?"

"श्रद्धा, ताई. श्रद्धेचा प्रश्न असतो."

"श्रद्धा माझ्या माणसाचीच जास्त होती," शिंप्याची बायको म्हणाली. "त्यांनी जाळी बसवायचं रद्द केलं. हे भाऊ तर पळायच्याच बेतात होते."

पुतणी उठून भिंतीपाशी गेली. "मला एकच विचारायचंय, तेही तुम्हाला नाही, ह्या लोकांना. ह्या भिंतीवर ज्यांचे कागद आहेत, त्यांच्यातले आज इथे किती आहेत? हात वर करा."

काही हात वर गेले. कागद अजून लागायचा होता तरी धाकट्याचाही गेला, माझा अर्धवट. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती.

"बाकीचे?"

"घरी असतील," हातवाले म्हणाले. "बरे झालेले लोक कशाला येतील?"

"माझा भाऊ आहे तिथे," मागून एक माणूस म्हणाला. "वरून दुसरा. तो नाही आता."

"आमचे सासरे," एका बाईनं बोट दाखवलं. "तेही नाहीत."

मग माणसं उठून भिंतीपाशी जाऊ लागली. प्रत्येक जण आपला कागद शोधत होता. हिरव्या गोलांवरून बोटं फिरत होती. मला वाटलं, दालनात आम्ही जितके उभे होतो त्याहून जास्त माणसं आहेत; सगळ्यांची रक्तं स्वच्छ आहेत आणि कुणाचाही श्वास ऐकू येत नाही.

"सगळे हातामुळेच गेले असं मी म्हणत नाही," पुतणी म्हणाली. "शस्त्रक्रिया करूनही कुणी गेलं असतं. काही न करता कुणी जगलंही असतं, आणि जगलेत. पण ज्यांना हात लागला नाही त्यांचं रक्त कसं निवळलं, हे इथे कुणी बघितलंय? निवळलेल्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलंय? माझ्या काकांचा कागद ह्या भिंतीवर आहे आणि त्यांना हात लागलेला नाही. तोच कागद नीट वाचा."

हातवाल्यांनी खिशातलं पेन काढलं, पुन्हा खिशाला लावलं. "आज हात दमला," ते म्हणाले आणि मागच्या दारानं गेले. पुढच्या आठवड्यात दुकानाला कुलूप होतं. काचेतून भिंत दिसत होती, रिकामी. कुठल्या तरी दुसऱ्या गावात ती पुन्हा भरत असेल.

त्या दिवशी बैठकीतून घराच्या दाराशी आल्यावर धाकटा म्हणाला, "दादा, तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"मी हळू बोललो."

"तू नेहमीच हळू बोलतोस. मला आता वाकून ऐकायला शिकलं पाहिजे."

शस्त्रक्रियेच्या सकाळी तो पलंगावर हिरवा अंगरखा घालून बसला होता, पाठीमागून उघडा, आणि त्याची त्याला फार अडचण होत होती. डॉक्टरीणबाई आल्या. त्यानं त्यांना थांबवलं.

"बाई, एक विचारू? समजा मी उद्या बरा झालो. तर ते तुमच्या बायपासमुळेच, हे कशावरून? तोही असंच म्हणायचा."

पुतणीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही एकटे बरे झालात तर त्यावरून काहीच सिद्ध होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमच्यासारखी नळी असलेले पुष्कळ लोक आधी होऊन गेले. काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना नुसती औषधं दिली. दोन्हीकडच्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गेलेल्यांनाही मोजलं. शस्त्रक्रिया झालेल्यांत जास्त जगले. सगळे नाही. तुम्ही त्यांच्यातले असाल अशी हमी मी देऊ शकत नाही."

"गेलेल्यांनाही मोजलंत?"

"त्यांना आधी."

धाकट्यानं मान हलवली. "मग चला," तो म्हणाला.

त्याचं पुढे काय झालं, हे मला नेहमी विचारतात. मी सांगत नाही. तो बरा झाला म्हटलं तर लोक शस्त्रक्रियेला हात जोडतील, आणि नाही म्हटलं तर कुणीतरी हातवाल्याचा पत्ता शोधायला लागेल. एका माणसाच्या जगण्यामरण्यावरून काही ठरवायचं नसतं. तुमच्यासमोर कुणी दोन कागद धरले, आधीचा आणि नंतरचा, तर एवढंच करा. त्याला तिसरा मागा. ज्याला हात लागला नाही, त्याचा. आणि भिंतीवरचे सगळे आज कुठे आहेत ते विचारा. हळू आवाजात विचारलंत तरी चालेल, पण उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.